नावेचा धनी, पाण्याचा जाणता

मे १६७४. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी नजराणे घेऊन मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडाकडे निघाला. आज मुंबईचा माणूस रायगडाला जायचे म्हटले की पनवेल, पेण, माणगाव असा रस्ता धरतो. ऑक्झेंडनने समुद्र धरला. तो चौलला पोचला तेव्हा रात्र झाली होती आणि पोर्तुगीज शहराचे दरवाजे बंद झाले होते. ती रात्र त्याने तटाबाहेर काढली. मग त्याचे शिबाड कुंडलिकेच्या खाडीत शिरले आणि वर वर जात अष्टमीला लागले. अष्टमी म्हणजे रोह्याच्या समोरचे, नदीच्या पलीकडच्या तीरावरचे गाव. इंग्रजांच्या कागदांत ते ‘एस्थेमी’ झाले आहे. तिथून पुढे निजामपूर, गांगवली, पाचाड असा जमिनीवरचा प्रवास करून वकील गडाच्या पायथ्याशी पोचला आणि ६ जून १६७४ चा सोहळा त्याने डोळ्यांनी पाहिला.

वकिलाचे नाव इतिहासात राहिले, नजराण्यांची यादीही राहिली. शिबाड खाडीतून वर आणणाऱ्या माणसाचे नाव कुठे नाही.

पण वकिलाचा जीव त्या खाडीत त्याच माणसाच्या हाती होता. कुंडलिकेच्या मुखाशी एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा डोंगर. आत शिरले की दोन्ही काठांना चिखल, आणि पाण्याखाली दर पावसाळ्यात जागा बदलणारी वाळू. भरतीबरोबर आत जायचे, ओहोटी लागली की नांगर टाकून बसून राहायचे आणि पुढच्या भरतीची वाट पाहायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी होडीला लांबवर नेते, अष्टमी-नवमीच्या भांगाला तेवढीच होडी वाटेत रुतते. हे सगळे ज्याला न विचारता कळते तो शिबाडाचा खरा हुकूमदार. भाडे भरणारा वकील तिथे नुसता उतारू.

अशा माणसाला आपल्या किनाऱ्यावर तांडेल म्हणतात. ज्याच्या मालकीची होडी तो नाखवा. मोठ्या जहाजावर गेले की सारंग. त्यावरचा अधिकार सरखेलाचा, आणि इंग्रजी-पोर्तुगीज वळणाने आलेला कप्तान वेगळाच. एकाच खाडीच्या पाण्यावर अधिकाराचे इतके शब्द साचले आहेत आणि प्रत्येक शब्द वेगळ्या काळी, वेगळ्या माणसांबरोबर आत आला आहे. नावेवर हुकूम कोणाचा, धन्याचा की जाणत्याचा, हा एकच प्रश्न त्या सगळ्यांच्या पोटात आहे. मला या शब्दांचे आकर्षण त्यासाठीच आहे.

यातला तांडेल आधी पाहू, धाटावपासून. धाटाव आज कारखान्यांचे गाव म्हणून माहीत आहे. रोह्याच्या पूर्वेला, कोलाडच्या वाटेवर, कुंडलिकेच्या काठी. रोह्याच्या आसपास भरतीचा जोर सरतो आणि धाटावच्या अंगाला नदी पूर्ण गोडी होते. तांडेलाची हद्द इथे संपायची आणि बैलांची सुरू व्हायची. खाली मीठ आणि मासळी, वर भात आणि लाकूड. गलबतातून उतरलेला माल बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाटाकडे चालू लागायचा. लमाणांच्या लादलेल्या बैलांच्या रांगेला तांडा म्हणत. तांडेल या शब्दाचे तांड्याशी नाते कानाला लगेच जाणवते, आणि अर्थही त्याला दुजोरा देतो. मलबारात तंडल, आंध्रात तंडेलु, दमण-वलसाडकडे टंडेल, आपल्याकडे तांडेल. साऱ्या किनाऱ्यावर हा शब्द थोड्याफार फरकाने पसरलेला आहे आणि त्याचा गाभा एकच आहे: माणसांच्या जथ्याचा म्होरक्या. त्यात नाव नाही, समुद्र नाही. फक्त माणसे आहेत आणि त्यांच्या पुढे चालणारा एक जण आहे.

नाखव्याची गोष्ट निराळी. ती सुरू होते फारसीत. नाव आणि खुदा, मिळून नावखुदा, त्याचा नाखुदा. यातला नाव आपल्याला परका नाही. संस्कृतातला नौ, लॅटिनमधला नाविस आणि फारसीतला नाव ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. आणि खुदा म्हणजे इथे देव नव्हे, धनी. गावाच्या किंवा घराच्या प्रमुखाला फारसीत कतखुदा म्हणत, त्याच धाटणीचा हा नावखुदा. पर्शियन आखातातल्या जहाजांबरोबर हा शब्द अरबांनी उचलला, त्याचे अरबी वळणाचे अनेकवचन केले, आणि मान्सूनच्या वाऱ्यांवर तो इकडे आमच्या किनाऱ्याला, तिकडे मलायापर्यंत गेला. मलय आणि इंडोनेशियन भाषेत जहाजाचा कप्तान आजही नाखोदाच आहे.

कुंडलिकेच्या मुखावर हा शब्द नेमका कोणत्या दिवशी ऐकू आला ते कोणी टिपून ठेवलेले नाही, पण तो बोलणारी माणसे इथे कधी होती ते टिपलेले आहे. अल् मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला आला. सैमूर म्हणजे चौल. कान्हेरीच्या लेखांतले चेमुल तेच आणि ग्रीकांचे सिमुल्ला तेच. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. मसूदी सांगतो की या एका गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले. त्यांचा न्यायनिवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे आणि त्याला हुनरमन म्हणत. दहा हजार हा आकडा प्रवाशाचा आहे, मोजदादीचा नाही. पण वस्ती मोठी होती आणि ती जहाजांवर जगत होती, एवढे त्यातून निश्चित होते.

मसूदीनंतर थोड्याच काळाने बुझुर्ग इब्न शहरियार नावाच्या एका नाखुदाने हिंदुस्थानाच्या समुद्रांवरच्या गोष्टी गोळा केल्या. ‘अजायब अल् हिंद’ हे त्या संग्रहाचे नाव. त्यात सैमूर अनेकदा येते आणि सैमूरच्या हुनरमनाचीही गोष्ट आहे. पण मला त्यातली आबहारा नावाच्या कप्तानाची हकिकत सर्वांत महत्त्वाची वाटते. आबहारा किरमानचा. आधी मेंढपाळ, मग कोळी, मग खलाशी, आणि शेवटी चीनच्या वाटेवरचा नामांकित कप्तान. चीनची खेप त्याने सात वेळा केली होती. एकदा दुसऱ्या एका जहाजाला तो भर समुद्रात सापडला. छोट्या होडीत एकटा, जवळ पाण्याची पखाल. जहाजावरच्यांनी त्याला वर बोलावले. तो येईना. तुमची दशा माझ्याहून वाईट आहे, असे त्याने त्यांनाच सांगितले. मी वर येईन तर कप्तान म्हणून येईन, माझा शब्द पाळायचा, आणि सिराफला पोचल्यावर हजार दिनारांचा माल मला द्यायचा, अशी त्याची अट. ती मान्य झाली. वर येताच त्याने जड माल समुद्रात टाकायला लावला, मोठी डोलकाठी तोडायला लावली, नांगर सोडून द्यायला लावले. लोकांनी काळजावर दगड ठेवून ते केले. तिसऱ्या दिवशी वादळ आले, आणि जहाज हलके होते म्हणून तगले.

ही हकिकत खरी किती, सजवलेली किती, याचा वाद घालता येईल. ती सांगणाऱ्या माणसांना काय पटलेले होते ते मात्र स्वच्छ आहे. जहाज ज्याचे होते, माल ज्यांचा होता, त्या सगळ्यांचा हक्क पाणी जाणणाऱ्या एका माणसापुढे तीन दिवसांपुरता गळून पडला. आणि त्या जाणत्याने आपल्या जाणतेपणाची किंमतही चोख लावली.

व्यवहारात मात्र नाखुदा या शब्दाचे वजन धन्याकडेच झुकलेले राहिले. गुजरातेत सोमनाथ पाटणला १२६४ सालचा एक दुभाषी लेख आहे, अरबी आणि संस्कृत. होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोझ या नाखुदाने तिथे मशीद बांधली, त्याचा तो लेख. संस्कृत लिहिणाऱ्या पंडिताने त्या नाखुदाला ‘नौवित्तक’ म्हटले आहे: नौका हेच ज्याचे वित्त तो. फारसी धनीपणा पंडिताने अचूक पकडला. त्याच्या आधी शंभरेक वर्षे, बाराव्या शतकाच्या मध्यात, महरूझ नावाचा एक ज्यू नाखुदा मंगळूरहून आपल्या नातलगाला पत्र लिहितो. तो नातलग चाच्यांच्या हाती लुटला जाऊन भडोचला पोचलेला असतो. महरूझ त्याला कळवतो की पैशाची गरज लागली तर नाखुदा तिंबूकडून घे, आमची त्याची जिवाची मैत्री आहे. कैरोच्या एका सिनेगॉगच्या कोठारात हे पत्र सातशेहून अधिक वर्षे टिकले. अरबी बोलणारा ज्यू, नावावरून हिंदी वाटणारा तिंबू, होर्मुझचा मुसलमान फिरोझ, आणि तिघांची पदवी एकच. धर्म किंवा जात विचारणारा हा शब्द नव्हता. तो जहाज कोणाचे एवढेच विचारत होता.

त्याआधी आपल्याकडे शब्द नव्हते असे मुळीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोठ्या नौकेवर कोणकोण असावे ते सांगितले आहे. शासक, निर्यामक, दात्र आणि दोर धरणारे, आणि पाणी उपसणारा उत्सेचक. शासक हुकूम देतो, निर्यामक वाट दाखवतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शास्त्रकारालाही ही दोन कामे वेगळी ठेवावीशी वाटली. वाङ्मयातला कर्णधार हाही मुळात सुकाणू धरणारा. क्रिकेटच्या संघाला आपण कर्णधार देतो तेव्हा खरे तर सुकाणूवरच्या माणसाचा मान देतो. इंग्रजीतला स्किपर डच भाषेतून, जहाजावरून आला, आणि तोही त्याच मैदानावर जाऊन बसला.

या सगळ्या शब्दांची नीट उतरंड एका जागी मिळते ती अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराच्या दरबारात बसून त्याने जहाजावरच्या माणसांचे बारा वर्ग नोंदले. पहिला नाखुदा, जहाजाचा धनी. हा शब्द नावखुदाचा संक्षेप आहे हे अबुल फजल स्वतःच सांगतो. दुसरा मुअल्लिम. समुद्र कुठे खोल, कुठे उथळ, हे त्याला माहीत हवे, नक्षत्रांची विद्या हवी. जहाज मुक्कामी नेणे हे त्याचे काम. मुअल्लिम म्हणजे मूळ अरबीत शिक्षक. कच्छमध्ये याचाच मालम झाला. वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतला आणणाऱ्या वाटाड्याचा उल्लेख पोर्तुगीज ‘मालेमो’ असाच करतात. तिसरा तांडेल, खलाशांचा मुख्य. पाचवा सरहंग, जहाज धक्क्याला लावताना आणि काढताना देखरेख करणारा, वेळप्रसंगी मुअल्लिमाच्या जागी उभा राहणारा. पुढे भंडारी, हिशेब लिहिणारा करानी, सुकाणू धरणारा सुक्कानगीर, डोलकाठीच्या टोकावरून पाहणारा पंजरी, पाणी उपसणारे, गोलंदाज, आणि शेवटी शिडे चढवणारे-उतरवणारे, बुडी मारून अडकलेला नांगर सोडवणारे खारवे.

ही यादी मी पुनःपुन्हा वाचतो. मालकी, विद्या, माणसे आणि बंदर, या चार गोष्टींवरचा अधिकार त्यात चार माणसांना वाटून दिला आहे, आणि चारही नावे वेगळी आहेत. आपल्या किनाऱ्याच्या आडनावांत ती यादी आजही अर्धीअधिक सापडते. नाखवा, तांडेल, सारंग. काही कोळ्यांची, काही कोकणी मुसलमानांची. मुंबईत चीनच्या व्यापारावर मोठा झालेला महंमद अली रोघे याच्या नावामागे नाखुदा ही पदवी सन्मानाने लागे. कोलकात्याची प्रसिद्ध नाखोदा मशीद कच्छी मेमन जहाजमालकाच्या पुढाकाराने उभी राहिली, तिच्या नावातही तोच शब्द आहे.

कप्तान आला पोर्तुगीजांबरोबर, आणि त्याची पहिली मोठी परीक्षा कुंडलिकेच्या मुखाशीच झाली. मार्च १५०८. व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सु कोचीनच्या व्यापारी जहाजांच्या रखवालीला चौलला आला होता. इजिप्तच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आणि दीवचे आरमार मलिक अयाझच्या हाताखाली अचानक समोर आले. चकमक काही दिवस चालली. माघार घेताना लोरेन्सुच्या जहाजात पाणी शिरले, ते प्रवाहाबरोबर वाहवले आणि मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत जाऊन अडकले. ते सुटले नाही. तोफेचा गोळा लागून लोरेन्सु तिथेच पडला, आणि त्याच्या बापाने पुढच्या वर्षी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, दीवला त्याचा सूड घेतला. हिंदी महासागराच्या इतिहासात दीवच्या त्या लढाईला मोठे स्थान आहे. तिचे कारण चौलच्या खाडीत कोळ्यांनी जाळ्यांसाठी ठोकलेले खांब होते असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल, पण ते अर्धे विसरू नये. जे खांब कोणत्याही स्थानिक तांडेलाने अंधारातही चुकवले असते, ते युरोपातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराच्या कप्तानाला चुकवता आले नाहीत.

तरी पोर्तुगीज टिकले. १५१६ मध्ये त्यांनी चौलला वखार घातली, १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला, आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे रेवदंड्याच्या तटाआड ‘कपितांव’ राज्य करत राहिला. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले कापुत, म्हणजे डोके. त्या किल्ल्याचाही कपितांव, जहाजाचाही कपितांव, पलटणीचाही तोच. अबुल फजलने चार माणसांत वाटलेला अधिकार या एका शब्दाने एका डोक्यावर ठेवला.

मराठ्यांच्या आरमारात हे सगळे शब्द एकत्र नांदताना दिसतात. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी जहाजे बांधायला घेतली. समुद्रावरचे नेते त्यांना समुद्रावरच्या लोकांतूनच घ्यावे लागले, आणि त्यांनी ते जातपात न पाहता घेतले. सभासदाने १६९७ मध्ये बखर लिहिली तीत दोन सुभ्यांचे दोन प्रमुख सांगितले आहेत: एक दर्यासारंग, मुसलमान, दुसरा मायनाक भंडारी. दर्यासारंग ही पदवी आहे. दर्या म्हणजे समुद्र, आणि सारंग तोच आईनमधला सरहंग. फारसीत सरहंग हा मुळात फौजेचा शब्द, तुकडीचा नायक. आजच्या इराणच्या लष्करात सरहंग म्हणजे कर्नल. आईनमध्ये पाचव्या क्रमांकावर असलेला सारंग रायगडाच्या दरबारात सुभेदार झाला. आणि मायनाकाच्या नावातला नाक म्हणजे नाईक, म्हणजे तोही म्होरक्याच.

या माणसांचे काम पाहायचे तर १६७९ चे खांदेरी पाहावे. मुंबईच्या तोंडाशी असलेले हे बेट मायनाकाने ताब्यात घेतले आणि तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी नाकेबंदीसाठी ‘रिव्हेंज’सारखी जहाजे आणि पुष्कळ लहान होड्या पाठवल्या. दिवसा समुद्र इंग्रजांचा, रात्री मराठ्यांचा. किनारा आणि बेट यांच्यामध्ये हलक्या, वल्ह्यांच्या होड्या अंधारात दगड, चुना, दारूगोळा आणि माणसे वाहत राहिल्या. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजे जागेवर खिळत आणि उथळ पाण्यात पाठलागाला येता येत नसे. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याने हल्ला करून इंग्रजांचे ‘डव्ह’ पकडले. बेट शेवटपर्यंत मराठ्यांकडेच राहिले. त्या रात्रींच्या खेपांवरचे तांडेल किती होते आणि कोण होते, ते कोणत्याच पत्रात नाही. इंग्रजांच्या पत्रांत मात्र त्यांच्यावरचा संताप पानोपानी आहे, आणि माझ्या मते ती त्या तांडेलांची सर्वांत भरवशाची साक्ष आहे.

कान्होजी आंग्र्यांची पदवी सरखेल. १६९८ मध्ये सिधोजी गुजरांच्या मागे आरमार त्यांच्याकडे आले, आणि १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहू महाराजांशी तह होऊन ही पदवी पक्की झाली. आज सरखेल म्हटले की डोळ्यांपुढे शिडे येतात. मूळ शब्दात घोडे आहेत. खैल म्हणजे अरबीत घोडे, घोडदळ. दिल्लीच्या सुलतानांच्या फौजेत दहा स्वारांवरच्या नायकाला सरखेल म्हणत. दहा घोड्यांवरचा तो लहानसा अधिकारी चारशे वर्षांनी अलिबागेत आला तेव्हा मुंबईपासून दक्षिणेकडच्या साऱ्या समुद्रावर त्याच्या दस्तकाशिवाय व्यापारी जहाज सुरक्षित नव्हते. पदव्या अशाच वाढतात. युरोपातला ॲडमिरल तरी कुठून आला? अरबी अमीरमधून. म्हणजे इंग्रज ज्यांच्याशी लढत होते त्यांच्याच बाजूच्या भाषेचा शब्द त्यांचे दर्यावर्दी सेनापती छातीवर मिरवत होते. कान्होजी १७२९ मध्ये वारले. १७४० मध्ये रेवदंड्याचा किल्ला पोर्तुगीजांनी मराठ्यांच्या स्वाधीन केला आणि कुंडलिकेच्या मुखावरचा कपितांव गेला.

पण शब्द मागे राहिला, आणि इंग्रजी अमलात तो सगळ्यांच्या वर चढून बसला. वाफेच्या जहाजांवर कप्तान गोरा. त्याच्या हाताखालचे अधिकारी गोरे. त्याखाली आमची माणसे. डेकवरच्या खलाशांचा प्रमुख सारंग; त्याच्या हाताखाली तांडेल, ज्याला इंग्रज टिंडल म्हणत; खाली लष्कर, म्हणजे साधे खलाशी. आपल्या शिबाडावर ज्याच्या वर कोणी नव्हते तो तांडेल साहेबाच्या जहाजावर तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आला. कोकणातल्या गावागावांतून माणसे गोळा करायची, त्यांना जहाजावर आणायचे, त्यांच्याकडून काम घ्यायचे आणि त्यांच्या वतीने साहेबाशी बोलायचे, हे सारंगाचे काम. गावात त्याचा दरारा मोठा होता. पगार मात्र सगळ्यांचाच गोऱ्या खलाशाच्या पगाराचा एक लहान हिस्सा. पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशी-गृहात आहे. दोन हजारांहून अधिक माणसे. सारंग आणि टिंडल ही पदे त्यांत पुष्कळ.

याच काळात एक गोष्ट कायद्याने लिहून ठेवली. १९१७ च्या अंतर्देशीय वाफेच्या जहाजांच्या कायद्यात परवान्यांचे वर्ग ठरले: पहिल्या वर्गाचा मास्टर, दुसऱ्या वर्गाचा मास्टर, आणि सारंग. नद्यांवर, खाड्यांवर बोट चालवायला सारंगाची परीक्षा द्यायची आणि सरकारी शिक्क्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. अबुल फजलच्या यादीतला पाचवा माणूस अशा रीतीने विसाव्या शतकाच्या राजपत्रात शिरला आणि २०२१ मध्ये नवा कायदा येईपर्यंत तो जुना कायदा चालू राहिला.

मोठ्या जहाजावर कप्तान होण्याची वाट मात्र हिंदी मुलांना डफरिन सुरू झाल्यावरच उघडली. १९२७ मध्ये मुंबईच्या बंदरात नांगरलेल्या त्या शिक्षण-जहाजावर अधिकारी घडू लागले. दोन हजार वर्षे ज्या किनाऱ्याने निर्यामक, मुअल्लिम आणि तांडेल पुरवले, त्या किनाऱ्याच्या मुलाला जहाजाच्या ब्रिजवर उभे राहण्यासाठी एवढे थांबावे लागले. ही गोष्ट वाचताना मला आजही राग येतो, आणि तो यावा असेच मला वाटते.

कोळीवाड्यात या शब्दांनी आपापली जागा सोडलेली नाही. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, अबुल फजलने सांगितला तोच. तांडेल म्हणजे बोट घेऊन जाणारा, मासळी कुठे, जाळे कधी टाकायचे, कधी परत फिरायचे हे ठरवणारा, आणि विक्रीच्या पैशात खलाशाहून जास्त वाटा घेणारा. दोन्ही एकच माणूस असला तर उत्तमच, पण बोटी मोठ्या झाल्या, डिझेल महाग झाले, आणि पुष्कळ ठिकाणी नाखवा किनाऱ्यावर राहिला, तांडेल पाण्यावर. खलाशी आता परराज्यांतून, नेपाळातूनही येतात. ज्यांनी गावी असताना समुद्र पाहिला नव्हता अशांचा जथा घेऊन तांडेल निघतो. तेव्हा माणसांचा म्होरक्या हा त्या शब्दाचा जुना अर्थ पुन्हा कामाला येतो.

नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट दहशतवाद्यांनी समुद्रात पळवली. तिच्यावरच्या खलाशांना त्यांनी आधी मारले. तांडेलाला जिवंत ठेवले, कारण मुंबईची वाट त्याला ठाऊक होती. किनारा जवळ आल्यावर त्यालाही मारले. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे आली, बोटींना नोंदणी आणि रंग आले, आणि तांडेल हा शब्द न्यायालयाच्या निकालांत, सुरक्षेच्या अहवालांत लिहिला जाऊ लागला.

कुंडलिकेचे पाणीही बदलले आहे. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाल्यापासून मुळशीच्या धरणाचे पाणी घाटाखाली उतरते आणि नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. त्याच पाण्यावर धाटावची रासायनिक वसाहत उभी राहिली. खालच्या टप्प्यात खाडीचे नाव प्रदूषित पाण्यांच्या यादीत लागले, आणि मासळी कमी झाल्याची काठावरच्या कोळ्यांची तक्रार जुनी आहे. ती खोटी नाही. जाळे रिकामे येते तेव्हा त्याचे पहिले उत्तर तांडेलालाच द्यावे लागते, नाखव्यालाही आणि खलाशांनाही.

अष्टमीच्या धक्क्यावर आता दूरचा माल उतरत नाही. तो टँकरने आणि रेल्वेने येतो-जातो. कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. खाली साळावच्या बाजूला मात्र मालवाहू बार्ज अजून खाडीत येतात. त्यांच्यावर उपग्रहाने जागा दाखवणारे यंत्र आहे, खोली मोजणारे यंत्र आहे, रेडिओ आहे. मुखाशी आले की त्यांनाही भरतीचीच वाट पाहावी लागते, आणि बार्जवर सुकाणूपाशी उभा असलेला माणूस, त्याच्या परवान्यावर काहीही लिहिलेले असो, खलाशांच्या तोंडी सारंगच असतो.